मुक्काम नव्हे, रातीजगा

मु. धावडा,
१ जुलै १९५७

चि. बद्रीनाथ यास,

अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज एकच लिहिते. बाकीचे तुझं उत्तर आल्यावर बघू.

आमच्या गावचा रामकिसन बैल विकायला मंठ्याला गेला होता. परत आल्यावर ओट्यावर बसून तुझ्या दाजींना आणि मला सांगत होता, "मास्तरांचं पथक पुन्हा चालू व्हून राह्यलं. पोरं रातीची जिनिंगमधी राहणार म्हणे." माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

महिन्यापूर्वी तूच कळवलंस ना, या फ्लूच्या साथीमुळे सेवा पथकाच्या मुलांचे मुक्काम बंद केले म्हणून? मी तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती. म्हटलं, आपला भाऊ शिकला त्याचं चीज झालं. आता एवढ्यात साथ कुठे गेली? मंठ्यातून गेली असेल तर पत्ता दे, कारण इथे धावड्यात ती घरोघर बसली आहे. शाळेला कुलूप आहे. पेरणीला माणूस मिळेना, म्हणून तिफणीमागे मी उभी राहिले. लोक खोकून खोकून दुहेरी होत आहेत आणि तू चाळीस पोरं एका छपराखाली झोपवणार!

दुसऱ्याच्या पोरांचं मी बोलत नाही. कचरूचं बोलते. त्याला शिकायला तुझ्याकडे ठेवलंय, पथकाला वाहिलेला नाही. कचरू हे नाव मी हौसेनं ठेवलं नाही हे तुला माहीत आहे. आधीची दोन गेली. हा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, सोनूबाईनं उचलला आणि पसाभर बाजरी देऊन मी तो तिच्याकडून परत घेतला. टाकून दिलेलं पोर कुणाच्या डोळ्यावर येत नाही म्हणतात. तू मात्र शाळेत त्याचं नाव कमलाकर घातलंस, असंही रामकिसन म्हणाला. कमलाकर कोण? माझ्या पोटी असा कुणी जन्मला नाही.

त्याला दिवसा कुठेही ने. कवायत कर, रस्ते झाडून घे, झेंड्याला सलामी दे. दिवस मावळला की तो उषाच्या हातचं जेवून तुझ्या घरात झोपला पाहिजे. साथ आहे तोवर मुक्काम नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

तुझी अक्का,
नंदाबाई


मंठा,
६ जुलै १९५७

ती. अक्कास बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार.

एक आशीर्वाद पोहोचला. पुरवून पुरवून वापरतो आहे.

तू रागावलीस की तुझं अक्षर मोठं होतं, हे आबा असल्यापासून पाहत आलो. या वेळी तर एका पानावर दहा ओळीसुद्धा मावल्या नाहीत. उषाला वाचून दाखवलं, ती हसली नाही. तुझ्याच बाजूची आहे.

आता शांतपणे ऐक. पथकाच्या मंडळाने जो ठराव केला तो जसाच्या तसा आहे: साथ ओसरेपर्यंत मुलांचे मुक्काम बंद. तो ठराव मीच लिहिला आणि मीच मोडीन असं तुला वाटतं? मी तुला शब्द देतो, मुक्काम होणार नाही.

माझी अडचणही समजून घे. येत्या पंधरा ऑगस्टला अठराशे सत्तावनच्या उठावाची शंभरी साजरी व्हायची आहे. वरून साहेब येणार. पथक त्यांच्या पसंतीला उतरलं तर सरकारी मान्यता मिळेल, मदत मिळेल. आसपासच्या गावांची मुलं चिखल तुडवत दुपारी येतात आणि अंधार पडायच्या आत परततात, मग सराव व्हायचा कधी? महिनाभर हेच चाललं तर पथक मोडेल. पण हे माझं दुखणं आहे, तुला त्याचा त्रास नको.

रामकिसनने ऐकलं ते वेगळंच असणार. आमचे अध्यक्ष सुरजमल सेठ, ज्यांची जिनिंग आहे, त्यांच्याकडे याच महिन्यात रातीजगा आहे. कापूस नसल्याने गोदाम रिकामं आहे, तिथेच करायचा म्हणतात. त्याचीच गावात बोलवा झाली. कमलाकरलाही (बरं, कचरूला) सेठनी बोलावलं आहे. तू हो म्हणालीस तर पाठवीन, नाही म्हणालीस तर नाही. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा,
बद्रीनाथ


धावडा,
११ जुलै १९५७

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद. राहिलेले सगळे यात आले.

रातीजगा! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. टेंभुर्णीचं आपलं घर आठवलं आणि भिंतीला भिंत लागून असलेलं मारवाडी पानबाईंचं घर. लग्नकार्य निघालं की त्यांच्याकडे रातीजगा व्हायचा. बायका मेंदीच्या हातांनी दिव्यापुढे बसून रात्रभर पितरांची गाणी म्हणायच्या. पुरुषमाणूस तिकडे फिरकत नसे आणि पोरांना तर उंबऱ्यावरूनच हाकलायच्या. सकाळी मात्र तू वाटी घेऊन पानबाईंच्या दारात सगळ्यांच्या आधी उभा. लापशी नाकाला लागेपर्यंत खायचास आणि घरी येऊन आईला म्हणायचास, "मला न्हाई दिली." आठवतं का, लबाडा?

असलं काही असेल तर मला विचारायचं तरी काय त्यात? कचरूला रातीजग्याला खुशाल पाठव. त्याला लापशी आवडते. सेठच्या सायरबाईंना माझा रामराम सांग. आमच्या टेंभुर्णीला मारवाड्यांचा शेजार होता, म्हणून सांग.

मी उगाच तुझ्यावर तोंड टाकलं. पण काय करू, इथे रोज कुणी ना कुणी उताणं पडतंय, जीव ठिकाणावर राहत नाही. कचरूला सांग, तांबडी गाय व्याली, कालवड झाली. नाव त्यानंच ठेवायचं. आणि कालवडीचं नाव तरी तू बदलू नकोस.

तुझी अक्का


मंठा,
२६ जुलै १९५७

ती. अक्कास सा. न.

पत्राला उशीर झाला, कारण इकडे फार धावपळ होती.

वीस तारखेचा रातीजगा उत्तम पार पडला. चाळीसच्या वर मुलं होती. आसपासच्या गावांतून आली. पोवाडे झाले, सत्तावनच्या वीरांच्या गोष्टी झाल्या, पहाटे गोदामातच कवायत घेतली. सायरबाईंनी लापशी करून पाठवली. तुझी आठवण काढून मी दोनदा घेतली.

तू आता भुवया चढवशील, म्हणून आधीच खुलासा करतो. मुक्काम म्हणजे मुलांनी रात्री झोपायला राहणं. आमच्याकडे एकानेही पाठ टेकली नाही. रात्रभर सर्व जागे होते. तेव्हा ठराव मोडला असं कुणालाही म्हणता येणार नाही. जागण्याची कल्पना सेठची, पण त्याला रातीजगा म्हणावं हे मला सुचलं. मंडळातले सगळे खूश झाले. आपल्या टेंभुर्णीचा शब्द असा कामी आला.

मुलं भिजून आली होती, रात्रीची जागली, त्यामुळे काहींना कणकण आली आहे. कचरूलाही जरा ताप आहे. काळजी नसावी. सेठच्या नातवासाठी जालन्याहून डॉक्टर आणवले होते, त्यांनी कचरूलाही तपासलं. छातीत थोडा कफ आहे, उतरेल म्हणाले. भुजंग म्हणून एक मुलगा आहे, त्याला सगळ्यांत जास्त होतं, तो तर घरी गेलासुद्धा.

तू घाबरून एवढ्या पावसात निघू नकोस. तुझं परवानगीचं पत्र मी मंडळापुढे ठेवलं होतं. सेठ म्हणाले, "मास्तर, तुमची बहेन बहोत समझदार हाय."

तुझा,
बद्रीनाथ

(खाली शिसपेनने:)
वन्सं, या.
उषा


धावडा,
३१ जुलै १९५७

बद्री,

उद्या नागपंचमी. म्हणजे आज भावाचा उपवास. सकाळपासून तुझ्या आयुष्यासाठी उपाशी आहे आणि सकाळपासून तुला शिव्या देते आहे. दोन्ही मनापासून.

नाल्याला पाणी आहे, गाडी उतरत नाही. भोकरदनची मोटारही बंद. पाणी ओसरलं की मी निघणार. तोवर हात चोळत बसू की काय, म्हणून लिहिते. मी पत्राच्या आधी पोहोचले तर माझ्या तोंडून ऐक.

तू मला फसवलंस. चुकून झालं असतं तर मी एवढी पेटले नसते. मंठ्यात दुसऱ्या कुणी रातीजगा म्हटलं असतं तर मी शंभर प्रश्न विचारले असते. तू म्हणालास म्हणून नाही विचारले. तो शब्द ऐकला की मला पानबाईंचं दार दिसणार, वाटी घेऊन उभा असलेला तू दिसणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. आपल्या लहानपणातला शब्द उचलून तू माझ्या डोळ्यांवर बांधलास. वर लिहितोस, शब्द कामी आला!

आणि माझं पत्र मंडळापुढे ठेवलंस? त्यात मी तुझी लापशीची लबाडी लिहिली होती, ती वाचून दाखवलीस का रे त्यांना? दाखवायला हवी होतीस. तुला बराबर ओळखलं असतं त्यांनी.

पाठ टेकली नाही म्हणून मुक्काम नाही? मुलं एकमेकांच्या तोंडावर खोकली, ओल्या कपड्यांनी रात्रभर फरशीवर बसली, एका पेल्यानं पाणी प्यायली असतील. ती साथ तुझा ठराव वाचून मागे फिरणार होती का? झोपला असता पोरगा तर निदान एका कोपऱ्यात तोंड फिरवून पडला असता. तू ते सुखही ठेवलं नाहीस.

दाजी कधी बोलत नाहीत. आज गोठ्यातून आले आणि म्हणाले, "शिकेल हाय म्हनून पोरगं दिल्तं त्याच्याकडं. अडान्याकडं दिलं असतं तर त्यो सरळ म्हनला असता, साथ हाय, न्हाई जमत." एवढं बोलून पुन्हा गोठ्यात गेले. तेव्हापासून कालवडीजवळ बसून आहेत.

उषाच्या दोन शब्दांवर मी गाठोडं बांधून ठेवलं आहे. तुझ्या दोन पानांत काहीच नव्हतं.

उपवास मी मोडलेला नाही. पण कचरूला काही झालं तर पुढच्या वर्षी कुणासाठी धरायचा, ते मी ठरवीन.

नंदाबाई


मंठा,
४ ऑक्टोबर १९५७

ती. अक्कास सा. न.

तू ऑगस्टमध्ये आलीस, कचरूपाशी नऊ रात्री बसलीस, त्याला उभं राहता येऊ लागताच मोटारीत घातलंस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस. उषाशी बोललीस, शेजाऱ्यांशी बोललीस. मला भाकरी वाढायची वेळ आली तरी ताट उषाकडे सरकवायचीस. मी त्यानंतर तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. दाजींनी एका कार्डावर "कचरू बरा" एवढंच कळवलं, त्यांचे उपकार.

अक्का, झालं ते वाईट झालं. मला ते कळत नाही असं समजू नकोस. पण माझा हेतू वाईट नव्हता. तू पथकाला पोरखेळ समजतेस. कवायतीला सगळी पोरं एका रांगेत उभी राहतात, त्यात विशेष काही नाही, हुकूम सोडला की राहतात. मराठ्याचं, मारवाड्याचं, महारवाड्यातलं पोर एका पंगतीला जेवून एका सतरंजीवर रात्र काढतं, तेव्हा त्याच्या मनातून जात जाते. ते फक्त मुक्कामात होतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यासाठी धडपडलो.

पंधरा ऑगस्टचा समारंभ झाला. साहेब आले नाहीत. त्यांनाच फ्लू झाला होता.

आता साथ ओसरली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुक्काम पुन्हा सुरू करायचं मंडळाने ठरवलं आहे. या वेळी उघडपणे, मुक्काम याच नावाने. गोदाम धुऊन चुना मारून घेतलं. प्रत्येक मुलाच्या घरून स्पष्ट शब्दांत लेखी परवानगी आल्याशिवाय त्याला घ्यायचं नाही, असाही ठराव केला. पण लोक बिचकले आहेत. एकही घर तयार नाही. आणि सगळे एकच विचारतात, "मास्तर, तुमचा भाचा येऊन राह्यला का?"

म्हणून तुझ्यापुढे पदर पसरतो. कचरूसाठी पहिली परवानगी तुझी येऊ दे. ती दाखवली की बाकीचे येतील. नाही तर पथक संपलं, अक्का. सहा वर्षांचं माझं काम संपलं.

भाऊबीजेला मी येतो आहे. दोन दिवस राहीन. समोरासमोर बोललं की तुझा राग उतरेल.

तुझा,
बद्रीनाथ


धावडा,
१० ऑक्टोबर १९५७

बद्रीनाथ,

तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर सगळं मंठा गोळा झालं असतं. उषाकडे बघून गप्प बसले. आता लिहिते. अक्षर किती मोठं झालंय ते मोजत बसू नकोस.

निघायच्या दिवशी मी बाजारात जाऊन येते म्हणाले होते. बाजारात नव्हते गेले. भुजंगच्या घरी गेले होते. कचरूनं घर दाखवलं नाही, त्याला पायरी उतरवत नव्हती. विचारत विचारत गेले.

त्याच्या आईचं नाव झुंबरबाई. तुला माहीत असेलच, सेठच्या जिनिंगमध्ये सरकी पाखडते. मी दारात उभी राहिले. मीही आईच आहे, एवढंच म्हणाले. तिनं गोणपाट टाकून बसायला दिलं. म्हणाली, "मास्तर आल्ते सांगाया. रातीजगा हाय म्हणले. मला वाटलं, सेठानीचं गाणं हाय, पोरगं सकाळी गोडधोड खाऊन येईल. मीच नवा सदरा घालून धाडलं, बाई."

ऐकलंस? मी टेंभुर्णीला शेजारी राहून जे समजले, तेच ती सेठच्या परसात भांडी घासून समजली. आम्हा दोघींना एकाच शब्दानं फसवलंस. फरक एवढाच की माझ्याकडून तू कागद घेतलास. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिच्याकडून काही घ्यायची तुला गरजच पडली नाही.

"भुजंग तर घरी गेलासुद्धा." हे तुझे शब्द, सव्वीस तारखेचे. मी वाचून म्हटलं, चला, ज्याला जास्त होतं तोसुद्धा बरा झाला, मग माझा होईल. तू हे लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी त्याला मातीत ठेवला होता. तू तिथे होतास. झुंबरबाईनं सांगितलं, "मास्तर लई रडले." रडलास, घरी आलास, हात धुतलेस आणि मला लिहिलंस, घरी गेलासुद्धा. पोराच्या मरणालाही तू नवं नाव शोधलंस!

आणि ते एका सतरंजीचं मला शिकवू नकोस. एका सतरंजीवर बसवलंस, कबूल. मग आजारी पडल्यावर ती सतरंजी कुणी उचलली? जालन्याचा डॉक्टर सेठच्या नातवाला बघून गेला, मास्तरांचा भाचा म्हणून माझ्या पोराला बघून गेला. भुजंगचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. डॉक्टरला तिकडे न्यायला तुझी जीभ उचलली नाही? की त्याला महारवाडा म्हणत नव्हते त्या दिवशी, दुसरं काही नाव होतं? माझा कचरू त्या औषधावर जगला. मी काय आनंद करू रे त्याचा? करते आणि मग झुंबरबाई आठवते.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. दाजींनाही नाही. कचरू इथे आल्यापासून नीट झोपत नाही. डोळा लागला की दचकून उठून बसतो. मला वाटलं, आजाराचा अशक्तपणा. एक दिवस मी त्याला जवळ घेऊन थोपटत होते, तर म्हणाला, "माय, झोपू का?" म्हटलं, झोप की बाळा, विचारतोस काय? तेव्हा त्याचा बांध फुटला. म्हणाला, "मामा म्हणले, कुनी झोपू नगा, झोपलं की मुक्काम व्हतो. भुजंगाला लई झोप येत व्हती. सारखी मान पडायची त्याची. मंग मामानं त्याला जागं ठेवायचं काम माझ्याकडं दिल्तं. मी त्याच्या डोळ्यावर पानी मारलं. रातभर चिमटे काढले, माय. त्यो म्हनत व्हता, कचऱ्या, थोडं पडू दे. मी न्हाई पडू दिलं."

त्याला झोप येत नव्हती, बद्री. त्याला ताप चढत होता. तू मास्तर आहेस, चाळीस पोरांत तापलेलं पोर तुला ओळखू येत नाही? ओळखलं असतंस, पण त्याला निजवलं असतं तर तुझा मुक्काम झाला असता. तुझा ठराव शाबूत राहावा म्हणून तापानं फणफणलेलं पोर तू रात्रभर बसतं ठेवलंस, आणि ते काम माझ्या पोराच्या हातून करून घेतलंस. कचरूची छाती भरून येईल. शेताचा बांध चढताना त्याला धाप लागते, तीही जाईल. पण हे त्याच्यातून कसं काढू, तेवढं मला शिकलेल्या माणसानं सांगावं. आधीची दोन गेली तेव्हा मी देवाला बोल लावला होता. या वेळी देवाचा काही संबंध नाही.

परवानगी स्पष्ट शब्दांत हवी ना? घे. नाही. हे पत्र मंडळापुढे ठेव, सेठला वाचून दाखव, विचारणाऱ्या प्रत्येकाला दाखव. मागचं दाखवलं होतंस, तसंच हेही सगळं दाखव. "माझा भाचा येत नाही," म्हणून सांग, आणि का येत नाही तेही सांग. त्यानं पथक मोडत असेल तर मोडू दे. मी दोन पोरं पुरली आहेत, पथक पुरायला मला काही जड जायचं नाही.

कचरूचं नाव आता इथल्या शाळेत घातलं. कचरू कारभारी, बापाच्या नावासकट. मास्तरांनी विचारलं, दुसरं काही चांगलं नाव घालू का? दाजी म्हणाले, "जे हाय तेच घाला."

राहिली भाऊबीज. आईबाप नाहीत, तू एकटाच आहेस, आणि सणाच्या दिवशी मी माझ्या भावाला दारातून परत लावणार नाही. ये. पाट मांडीन, ओवाळीन, तुला आवडते ती लापशी करीन. कचरू समोर बसेल. त्याच्या समोर ती खाता आली तर खा.

पण दोन दिवस राहीन म्हणालास, ते विसर. धावड्याहून संध्याकाळी मोटार नसते हे मला माहीत आहे. तू भोकरदनपर्यंत चालत जा, नाही तर फाट्यावर बसून राहा, तुझा तू बघ. ओट्यावर रात्रभर जागा बसतो, असंही सांगू नकोस. दिवस मावळायच्या आत माझ्या दारातून निघायचं.

माझ्या घरी मुक्काम बंद आहे.

नंदाबाई